दोन आडव्या रेघा

बारावीच्या मुलींना मी रसग्रहण शिकवते. आधी कवितेचा आकृतिबंध पाहा, मग वृत्त, मग भाव. आणि जे कवितेत नाही ते कवीच्या तोंडी घालू नका, असं दरवर्षी सांगते. मागच्या फाल्गुनात चार ओळींच्या एका श्लोकाचं रसग्रहण मी स्वतः करत बसले होते. श्लोक माझ्या यजमानांच्या अक्षरात होता. त्यांना जाऊन तेव्हा सात महिने झाले होते. मुलींना सांगते त्यातला शेवटचा नियम मी पहिल्याच दिवशी मोडला.

ते आमच्या हिंगोली जिल्ह्यातल्या गोरेगावच्या शाळेत मराठी शिकवायचे. शाळेबाहेर मात्र लोक त्यांना मंगलाष्टकंवाले सर म्हणायचे. लग्नसराई आली की माणसं कागदावर नावं लिहून घेऊन यायची. नवरानवरी, आईवडील, मामा, क्वचित आजोबा. ते पेन्सिलीने प्रत्येक नावावर खुणा करायचे. लघू अक्षरावर छोटा अर्धचंद्र, गुरू अक्षरावर आडवी रेघ. मंगलाष्टक शार्दूलविक्रीडितात असतं. ओळीत एकोणीस अक्षरं, बाराव्यावर यती, म्हणजे म्हणणाऱ्याने श्वास घ्यायची जागा. कुठलं अक्षर लघू, कुठलं गुरू, हे ठरलेलं. ते ओळ आधी बांधून ठेवायचे आणि नावाच्या जागी नुसत्या खुणा करायचे. मग ज्यांचं लग्न असेल त्यांचं नाव त्या खुणांवर बसवायचं. मोकळी जागा म्हणजे नाव, हे आमच्या घरात इतकं ठरलेलं होतं की मी त्यावर कधी विचारच केला नाही.

पुसेगावचे एक शेतकरी एकदा नावांची यादी देऊन गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले.

“सर, पोराच्या आत्याचं नाव राह्यलं. ते घाला, न्हाई तर ती मांडवातून उठून जाईल.”

“पाच अक्षरी नाव आहे हो. बसत नाही.”

“आमी तिला एवढ्या वर्षांत बसवू शकलो न्हाई, तुमी तरी बसवा.”

ते दोन दिवस त्या नावाशी झगडले. शेवटी आत्याबाईंना माहेरच्या लाडक्या नावाने हाक मारली आणि ओळ सुटली. लग्नात म्हणे आत्याबाई रडल्या.

लिहायचे ते आणि म्हणायच्या त्यांच्याच शाळेतल्या एक बाई. त्या सेनगावात राहतात. आवाज खणखणीत, मांडवातला कलकलाटही आपोआप खाली बसायचा. पंधरा वर्षं हे असंच चाललं होतं. तिथीच्या दिवशी दोघं एका जीपने दोन-दोन लग्नांना जायचे, एक जवळा बाजारला, दुसरं पार वसमतच्या बाजूला. कधी मीही जायची. मला त्यात कधी काही वाटलं नाही. निदान वाटत नव्हतं असं तेव्हा मला वाटायचं.

तेराव्याच्या दिवशी त्या बाई आल्या होत्या. निघताना माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाल्या, “वहिनी, सरांच्या वह्या कुठं हायेत? नीट ठेवल्या ना?”

मी मान हलवली. त्या दिवशी लोक बरंच काही विचारत होते.

आमच्याकडे घरात माणूस गेलं की ठरलेलं लग्न वर्षाच्या आत उरकतात, नाही तर तीन वर्षं थांबावं लागतं. म्हणून मुलीचं लग्न वैशाखात धरलं. तिने एकच गोष्ट मागितली होती. “आई, बाबांचीच मंगलाष्टकं हवीत. बाकी काही नसलं तरी चालेल.” आठ श्लोक निवडायचं काम माझ्याकडे आलं. मी त्यांच्या सगळ्या वह्या खाली काढल्या. सगळ्यात शेवटच्या वहीचं खाकी कव्हर एका बाजूला फुगलेलं दिसलं, म्हणून ते सोडवलं. आत चार घड्या घातलेला कागद होता.

येणे ना घडले मला, पण तिथे — — उभे राहणे,
माझे जे उरले असेल बघणे, ते तू पुरे पाहणे;
बोटांचा मज आठवे सतत तो ओला उबारा जुना,
जाताना वळणे नको क्षणभरी, ठेवू कशाला खुणा.

पहिल्या वाचनात मी फक्त अक्षरं मोजली. सवयच ती. एकोणीस, बाराव्यावर यती, कुठे चूक नाही. दुसऱ्या वाचनानंतर उठून दार लावून घेतलं.

हे मंगलाष्टक नाही, हे मी आकृतिबंधावरूनच ठरवलं. मंगलाष्टकाचा प्रत्येक श्लोक आशीर्वादाने संपतो. इथे आशीर्वाद नव्हता. नवरानवरी नव्हते, कुळ नव्हतं, देवाचं नाव नव्हतं. होती ती एक ‘तू’. लग्नाचं वृत्त घेऊन कुणाला तरी लिहिलेली ही खाजगी कविता होती, आणि ती वहीच्या कव्हरात दडवली होती. ‘ठेवू कशाला खुणा’ असं लिहिणारा माणूस कागद दडवणारच.

मग वृत्त. मोकळी जागा यतीच्या लगेच पुढे, तेरावं आणि चौदावं अक्षर. त्यावर दोन आडव्या रेघा, म्हणजे दोन्ही गुरू. माझ्या नावात दोन लघू आणि शेवटी एक गुरू आहे. ते या वृत्तात चौथ्या ते सहाव्या अक्षरावर नेमकं बसतं. आमच्या लग्नात त्यांनी स्वतः लिहिलेल्या श्लोकात ते तिथेच होतं. माझं नाव कुठे बसतं हे ज्याला तीस वर्षं माहीत होतं, त्याने मला लिहायचं असतं तर ओळ त्या बेताने बांधली असती. हे मला बिनतोड वाटलं. शेजारची, दूधवाली, त्यांच्या आतेबहिणी, माझ्या वर्गातल्या मुली, साऱ्याजणी मी त्या दोन रेघांवर बसवून पाहिल्या. निम्म्या तालुक्याची नावं तिथे बसत होती. तरीही मी त्यांतलं एकच नाव धरून बसले. गाणाऱ्या बाईंचं. दोन अक्षरं, दोन्ही गुरू.

भावाचं तर मी ताबडतोब ठरवलं. पुस्तकात असं आहे की विरहात पुन्हा भेटीची आशा असेल तर तो विप्रलंभ शृंगार, आशाच संपलेली असेल तर करुण. ‘उभे राहणे’ म्हणजे वाट पाहणं, आणि आशेशिवाय कोण वाट पाहतं? बोटांचा ओला उबारा मी जीपमध्ये नेऊन ठेवला, दोन सीटांच्या मध्ये. माझ्यासमोर ते बाईंना ‘तुम्ही’ म्हणायचे. माझ्या पाठीमागे काय म्हणत होते, ते मला कुठे माहीत होतं? तेराव्याला वह्यांची चौकशी का केली, याचं उत्तरही आता मिळालं होतं.

दुःखात माणूस हळवा होतो असं म्हणतात. मी चौकस झाले. जुन्या पत्रिकांवरून मी लग्नांची गावं आणि मुहूर्त काढले. कुठल्या लग्नाहून ते उशिरा आले होते, कुठल्या दिवशी जेवले नव्हते, हे आठवायला लागले. आठवेना तेव्हा त्याचाही संशय आला.

मुलीने विचारलं, “झालं का निवडून?”

“यंदा छापील पुस्तकातली घेऊ. चांगली असतात.”

ती “काहून?” एवढंच म्हणाली. चिडली की ती आजीसारखं बोलते. माझ्या मुलीच्या डोक्यावर अक्षता पडताना त्या बाई त्यांची अक्षरं म्हणणार आणि मी ऐकत उभी राहणार, हे मला सहन होणार नव्हतं. पण पोरीला बापाचे शब्द नाकारायचे तर कारण खरं असायला हवं होतं. म्हणून एका रविवारी तो कागद पर्समध्ये टाकून मी सेनगावच्या जीपमध्ये बसले.

गावाबाहेर हळद शिजवायची कढई चढली होती. तो वास कपड्यांत घेऊनच मी बाईंच्या दारात पोहोचले.

“अगं बाई, वहिनी! इतक्या उन्हात काहून आल्या? फोन केला असता तर मीच आले असते की.”

पाणी दिलं, पंखा माझ्याकडे वळवला. त्यांच्या सासूबाई कोपऱ्यात वाती वळत होत्या. मी कागद काढला आणि उलटा करून पलंगावर ठेवला. घरून निघतानाच ठरवलं होतं. फक्त पहिली अर्धी ओळ सांगायची आणि त्यांचा चेहरा पाहायचा.

“एक श्लोक सापडलाय. ‘येणे ना घडले मला, पण तिथे’...”

बाईंनी डोळे मिटले. चाल लावली आणि पुढचं सगळं म्हटलं. मोकळ्या जागेवर दोन अक्षरांएवढी नुसता सूर धरून थांबल्या, मग ‘उभे राहणे’. चारही ओळी, कागदाकडे न बघता. सासूबाईंचे हात थांबले.

मला वाटलं, झालं. आता विचारायचं काही उरलं नाही. तरी विचारलं.

“तुम्हाला पाठ कसा?”

“सरांनीच करून घेतला. दवाखान्यात.”

आजारपणाच्या त्या वर्षात ते आठवड्यातून दोनदा हिंगोलीला डायलिसिसला जायचे. मी सोबत असायची, कॉलेजात परीक्षा असली तेवढे दोन-तीन दिवस सोडून. त्यातल्या एका दिवशी बाई बघायला गेल्या होत्या.

“खाटेवर पडल्या पडल्या मला म्हनाले, वही काढा आन् लिहून घ्या. मी लिहून घेतला. मंग म्हनाले, आता पाठ करा आन् कागद फाडा. मूळ कागद मी ठेवलाय. पोरीचं लग्न ठरलं की वहिनीकडून वह्या मागून घ्या, कव्हरात हाय. शेवटी हा म्हना.”

“पोरीचं लग्न?”

“मंग कुनाचं?” त्या म्हणाल्या. “तुमी काय समजलात?”

मी कागद त्यांच्याकडे सरकवला. तेच उत्तर झालं. बाईंनी कागद सरळ केला, दोन रेघांवर बोट ठेवलं, आणि त्यांच्या लक्षात आलं. पंधरा वर्षं त्या खुणांवरून नावं म्हणत आलेली बाई ती.

“व्हय? माझं नाव बसवून बघितलं?”

मी त्या दोन रेघांकडे पाहिलं.

“बसलं का?”

“बसलं.”

“बसंल ना. ह्या आमच्या सासूबाईचं बी बसतं. गोठ्यातल्या म्हशीचं बी बसतं. तिला इचारून आल्या का?”

सासूबाई म्हणाल्या, “माझं काय नाव घिऊन राहिलीस गं?”

“काही न्हाई, सासूबाई. तुमचं वय निघून गेलं.”

हसल्या त्या, पण एकदाच. मग उठून खिडकीशी गेल्या आणि पाठमोऱ्या म्हणाल्या, “पंधरा वर्षं तुमच्या हातचा चहा पिले मी. मांडवात म्हनायला दुसरं कोनी बघायचं असंल तर बघा.”

मी माफी मागितली. चांगली मागता आली नाही. पाठ्यपुस्तकातल्या वाक्यासारखी बाहेर पडली ती. नंतर, संशय अजून पुरता मेलेला नव्हता म्हणून, विचारलं, “मग जागा मोकळी का ठेवली? पोरीचं नाव तिथे बसत नाही.”

“मी बी तेच इचारलं. सर, इथं नाव कुनाचं? तर म्हनाले, नाव नाही. पोरीच्या मागं माझ्या जागी कोण उभं राहील ते मला काय माहीत? मामा म्हणा, काका म्हणा, आई म्हणा, सगळे बसतात. त्या वेळी ठरेल. मी म्हनलं, आशीर्वाद राह्यला की ह्यात. म्हनाले, तो बाकीचे सात श्लोक देतील.”

मामा. काका. आई. मी मनातल्या मनात तिन्हींवर रेघा ओढल्या. गुरू, गुरू. गुरू, गुरू. गुरू, गुरू. मी तालुकाभर नावं शोधत हिंडले होते आणि घरातल्या रोजच्या हाका मोजल्या नव्हत्या.

“आन् मला का दाखवला नाही?” माझ्या तोंडून त्यांचंच ‘आन्’ निघालं.

बाई खिडकीपासून वळल्या. “सांगू का? म्हनाले, तिला वाटून राहिलंय मी बरा होणार. हा कागद दिला तर ती रडायच्या आधी वृत्त तपासेल, मग अर्थ लावेल, आणि मग तिला कळेल.”

त्या महिन्यांत माझी किडनी त्यांना जुळते का, याच्या तपासण्या चालू होत्या. मी कागदांची फाइल काखेत मारून हिंगोली-नांदेड करत होते. ते मला अडवत नव्हते. उलट फाइलवर सुंदर अक्षरात अनुक्रमणिका लिहून दिली होती त्यांनी.

परतीच्या जीपमध्ये मी श्लोक पुन्हा लावून पाहिला. ‘येणे ना घडले’: येता आलं नाही, मुलीच्या मांडवात. ‘ते तू पुरे पाहणे’: माझं पाहायचं राहिलेलं तू पाहा. आणि बोटांचा ओला उबारा. आमच्या मुलीच्या तळहातांना लहानपणापासून घाम येतो. शाळेत जाताना ती बापाचं बोट मुठीत धरायची आणि ते शाळेत पोहोचल्यावर बोट धोतरासारखं पिळून दाखवायचे, ती हसायची. हे मला ठाऊक होतं. संशय घेताना मात्र यातलं काही आठवलं नाही. ‘जाताना वळणे नको’ हे सासरी निघालेल्या पोरीला होतं. भाव मी चुकीचा लावला होता. ती आशा माझी होती, कवितेची नव्हती. कविता पहिल्या अक्षरापासून करुणच होती आणि लिहिणाऱ्याला ते माहीत होतं.

इथे माझं समाधान व्हायला हवं होतं. झालं नाही. एक संशय गेला आणि त्याच्या जागी एक साधी, खरी गोष्ट उरली: आपण मरणार हे त्यांनी मला नाही, त्या बाईंना सांगितलं. का, हेही कळलं होतं. तरी ते खुपायचं थांबलं नाही. आजही पुरतं थांबलेलं नाही. बाईंचा आवाज कानावर आला की पहिल्या क्षणी मी अंग चोरते, मग सावरते.

मुलीला मी श्लोक दाखवला. तिने वृत्त तपासलं नाही. सरळ रडली.

लग्नाच्या सकाळी बाई मांडवात आल्या. आल्या हेच खूप होतं. सात श्लोकांचे कागद त्यांनी लावून घेतले, आठवा माझ्यासमोर धरला आणि पेन्सिल दिली.

“जागा भरून द्या, वहिनी. मोकळी जागा मी म्हनू कशी?”

जवळ माझी मोठी जाऊ होती. मुलीच्या मागे उभा राहायला माझा धाकटा भाऊ फेटा बांधून तयार होता. मामाचा मानच असतो तो. जाऊबाईंनी कागदावर वाकून पाहिलं आणि सगळं काय ते समजून म्हणाल्या, “त्यात काय इचारायचं? मामा लिव्ह.” मग आवाज उतरवून, “तू अशा वेळी पुढं कशी येशील गं? लोक काय म्हंतील? आत बस, आमी हाओत ना.”

भाऊ म्हणाला, “ताई, तू सांगशील तसं.”

मी कागद हातात धरून उभी राहिले. रसग्रहणात पुरावा लागतो. ‘मामा’ला विरोध करणारं एकही अक्षर त्या ओळीत नव्हतं. ‘आई’ला खास बाजू देणारंही नव्हतं. वृत्ताला दोन्ही सारखेच चालत होते. कवीच्या मनात कोण होतं ते मला सांगता येत नाही. मुलींना सांगते तसं, जे कवितेत नाही ते मी त्यांच्या तोंडी घालणार नाही. त्यांनी ठरवायचं काम मागे ठेवलं होतं, इतकंच कवितेत होतं.

मी दोन रेघांवर ‘आई’ लिहिलं.

“अगं, पण...” जाऊबाई म्हणाल्या.

“लिहिलंय ना आता,” बाईंनी कागद ओढून घेतला. “मला काय, मी कागदावर हाय ते म्हननार.”

अंतरपाट धरला. सात श्लोक झाले. आठव्याच्या बाराव्या अक्षरावर बाईंनी श्वास घेतला, तो मला नेहमीपेक्षा लांब वाटला. मग त्यांनी ती दोन अक्षरं म्हटली. माझा भाऊ एक पाऊल बाजूला सरला आणि मी मुलीच्या मागे जाऊन उभी राहिले. बायकांच्या घोळक्यात कुजबुज झाली. कोण काय म्हणालं ते मी ऐकायचा प्रयत्न केला. ती खोड जाणार नाही. पण बाईंचा आवाज मोठा होता, आणि मला समोर पाहायचं होतं.